कढईतलं उरलेलं

आमच्या घरात पौष्टिक खाणं सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू केलं, आणि ते माझ्यामुळं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, बाईकडे घरात कोणाचं लक्षच नव्हतं. भरपूर लक्ष होतं. माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांची शुगर सात पॉइंट एक निघाली, आणि तो कागद जेवणाच्या टेबलावर ठेवल्याबरोबर घरातल्या प्रत्येकाला आपापल्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

नवरा इथं रायपुरात, उरला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात आहे, बीरगावच्या बाजूला. त्यानं चष्मा लावून रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला, माझं नाव, वय, सगळं वाचलं, आणि म्हणाला, "म्हणजे आता मलेही तेल कमी करा लागते." मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजपेक्षा जिममध्ये हजेरी जास्त. तो म्हणाला, "मम्मी, मेरा भी प्रोटीन कम पड़ रहा है." तेरा वर्षांची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मेरे लिए बादाम भिगो देना, एग्झाम है." मुलांशी मी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देतात. रायपुरात घरोघरी हे असंच चालतं, भांडायला त्यानं काही अडत नाही.

डॉक्टरांनी मला तीन महिने दिले होते. तेवढ्यात खाण्यापिण्यानं शुगर उतरली तर ठीक, नाहीतर गोळी, आणि ती मग जन्माची. गोळीची मला भीती नव्हती. भीती होती डोळ्यांची. माझ्या आईचे डोळे शुगरनं गेले. वडील रेल्वेत, भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आलेले, गुढियारीजवळच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. त्याच भागात पुढं आई शेवटची तीन वर्षं मला पावलांच्या आवाजावरून ओळखायची. ओळखलं तरी जवळ बसवून चेहऱ्यावरून हात फिरवायची, बारीक झाली का जाडी झाली ते बघायला. मला ते सहन व्हायचं नाही आणि तिचा हात बाजूला करणंही व्हायचं नाही. माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरून मला असा हात फिरवायचा नव्हता. म्हणून मी मनावर घेतलं.

तात्यापाऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावरच्या मजल्यावर एक डाएटिशियन बसते, तिच्याकडे गेले. जिन्याच्या तोंडाशी दुकानदारानं कढया टांगून ठेवलेल्या असतात, मान वाकवल्याशिवाय वर जाता येत नाही. पोरगी पंचविशीची, बोलायला गोड. तिनं मला चार्ट करून दिला. सकाळी मेथीचं पाणी, मग मुगाचे दोन चीले, म्हणजे धिरडी. दुपारी ज्वारीची एक भाकर, वाटीभर डाळ, मोठी वाटी लाल भाजी म्हणजे लाल माठ, भात मूठभर. संध्याकाळी लवकर तेच, फक्त भात नाही. "और दीदी, अपने आप को प्रायॉरिटी दीजिए," असं म्हणून तिनं चार्टच्या डोक्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मी चार्ट फ्रिजवर चुंबकानं लावला. दुसऱ्या दिवशी त्याच चुंबकाखाली नवऱ्याच्या पथ्याची यादी आली. तिसऱ्या दिवशी मुलाला जिमवाल्यानं दिलेला कागद. माझा चार्ट सगळ्यांत खाली गेला. साहजिकच आहे, सगळ्यांत आधी लावला होता ना.

प्रायॉरिटी मात्र मी खरंच ठरवल्या. पहिली नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलची. त्याला भाजी कमी तेलाची पाहिजे, पण ती घशाखाली उतरत नाही म्हणून सोबत लोणचं, पापड आणि झुणक्यावर कच्चं तेल. मोड आलेली मटकी पाहिजे, पण तिच्यावर शेव नसली की "हे काय घोड्याचं खाणं आहे काय?" दुसरी प्रायॉरिटी मुलाच्या दंडांची. त्याला रोज सहा अंडी, त्यांतला फक्त पांढरा भाग. उरलेले सहा पिवळे बलक वाटीत माझ्याकडे बघत बसायचे. तिसरी मुलीच्या मेंदूची, म्हणजे भिजवून सोललेले बादाम आणि कपभर दूध, ज्यातलं अर्धं ती कपातच ठेवून शाळेत पळायची. आणि चौथी मी. चौथी होते पण हलगर्जी नव्हते. भाकर मोजून एक, भात मूठ वळून, भाजीची वाटी काठोकाठ. नव्या रायपूरला आमच्या सरकारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बायका माझा डबा बघायला यायच्या. मी त्यांना फायबरवर चार शब्द ऐकवायची. कोणाचं प्रमोशन झालं की मिठाईचा डबा फिरायचा, आणि मी असा काही हात जोडून नकार द्यायची की देणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

नवऱ्यानं एकदा कोदोचं पाकीट आणलं. कोदो म्हणजे इकडचं जाडंभरडं धान्य, पूर्वी ज्याच्या घरी भात नसायचा त्याच्याकडे शिजायचं. आता ते खिडकीवाल्या चकचकीत पाकिटात येतं आणि नवरा ते दागिना आणल्यासारखं टेबलावर ठेवतो. मी हौसेनं मोठं पातेलंभर शिजवलं. नवऱ्यानं दोन घास खाल्ले, म्हणाला, "चांगलं आहे, पण मले भात वाढ." मुलानं वास घेतला. मुलीनं तेवढंही केलं नाही. घर पौष्टिकतेला तयार होतं, फक्त ते पोटात जायला नको होतं. ते पातेलं मी तीन दिवस पुरवून संपवलं.

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे, पण तेव्हा मला ती कबुलीसारखी वाटत नव्हती. मी जेवायची ती ताटात, बसून, चार्टप्रमाणं. ते जेवण. त्यानंतर मी उठायची आणि ओट्याशी उभी राहून आवरायला घ्यायची. मुलानं भाकर अर्धी मोडून ठेवलेली असायची. मुलीच्या पराठ्याची कड. नवऱ्याच्या बशीत शेव मऊ पडलेले पोहे. कुकरच्या तळाशी दोन डाव भात, फ्रिजमध्ये ठेवावा इतका जास्त नाही आणि टाकावा इतका कमी नाही. बलकांची भुर्जी तर रोजचीच, कारण सहा बलक कोण टाकतं? आणि सगळ्यांत शेवटी कढई. वांग्याची भाजी काढून घेतल्यावर कढईच्या कडेला जो मसाला धरून राहतो, त्यात तो कुकरमधला भात टाकून, बोटांनी फिरवून फिरवून कढई पुसायची. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. भाजीची खरी चव ताटात येतच नाही, ती कढईतच राहते. पण मी ते चवीसाठी करत नव्हते, अशी माझी पक्की समजूत होती. ते खाणं नव्हतंच. ते आवरणं होतं.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. सात पॉइंट चार.

मी आधी लॅबला शिव्या घातल्या. मग डॉक्टरांना. मग मेथीला. नवरा म्हणाला, "मशीन खराब असंल." हे म्हणताना त्याचा आवाज मोठा उदार होता, कारण त्याच पिशवीत त्याचाही रिपोर्ट होता आणि त्याचं कोलेस्टेरॉल चांगलं उतरलं होतं. मुलाचे दंड शर्टाच्या बाहीत मावत नव्हते. मुलीला गणितात पहिल्यांदाच कोणी रागावलं नव्हतं. माझ्या पथ्यानं माझं सोडून सगळ्यांचं भलं केलं होतं. डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहिलं, मग माझं तोंड बघून खोडलं, आणि म्हणाले, आणखी तीन महिने बघू, पण हे शेवटचे. त्या दुपारी मी बाथरूममध्ये जाऊन आरशाच्या वरच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचता येतात का ते बघितलं. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. वाचता आली. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं.

डाएटिशियननं मला वही लिहायला सांगितली. आठवडाभर काय काय खाल्लं ते लिहून आणायचं. मी सुंदर अक्षरात लिहून नेलं. चीले दोन, भाकर एक, डाळ, लाल भाजी. तिनं वाचलं आणि वही मिटली.

"दीदी, आप सच-सच लिख रही हैं?"

"हव," मी म्हणाले. सत्तेचाळीस वर्षं रायपुरात काढल्यावर खरं सांगताना तोंडातून छत्तीसगढीच निघते.

"इस हिसाब से तो आपको कब का दुबला हो जाना था. फिर से लिखिए. थाली का नहीं, मुँह का. जो भी मुँह में जाए. खड़े-खड़े भी."

ते शेवटचे दोन शब्द तिनं कुठून आणले कोण जाणे. मला वाटलं तिनं आमच्या किचनच्या खिडकीतून बघितलं असावं.

दुसऱ्या आठवड्याची वही मी चिडून लिहिली, म्हणून ती खरी झाली. पुढच्या शनिवारी ती पोरगी ओळीवर बोट ठेवत वाचत होती आणि मी समोर परीक्षेला बसल्यासारखी बसले होते.

"ये आधी रोटी?"

"बेटे की. तोड़ के छोड़ दी थी."

"ये पराठे का किनारा?"

"बेटी का."

"पोहा चार चम्मच?"

"उनका. ड्यूटी का टाइम हो गया था."

"और ये चावल किसका है?"

मी विचार केला. "कुकर का."

तिनं हसू दाबलं, पण ते तिच्या डोळ्यांत आलं. मग तिनं वही माझ्याकडे फिरवली आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाली, यात जे फक्त तुमचं आहे त्यावर गोल करा. मी दोन चील्यांवर गोल केला. भाकरीवर केला. सोमवारच्या पूर्ण पानावर पाच गोल झाले आणि तेवीस ओळी उरल्या. बेरीज तिनं माझ्यावरच सोडली. त्या पोरीत तेवढी समज होती. जिना उतरताना मी मान वाकवायला विसरले आणि कपाळाला कढई लागली. दुकानदार म्हणाला, "अरे दीदी, सँभल के."

ऑटोत बसल्यावर मला आई दिसली. गुढियारीच्या घरातल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात, डोळे गेल्यानंतर. वहिनी म्हणायची, "आई, राहू द्या, मी घासते," आणि आई भिंतीला हात लावत लावत यायची, कढई तिच्या हाताला बरोबर सापडायची, आणि ती कडेकडेनं बोटं फिरवून ती पुसून काढायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, आईला दिसत नाही पण उरलेलं बरोबर दिसतं. मी स्वतः म्हटलेलं आहे हे. डॉक्टरांनी तिला भात बंद केला होता, आणि तिनं तो खरंच बंद केला होता, ताटातला. कढईतला चालूच होता, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. कळून घ्यायची कोणाला गरजही वाटली नाही, कारण कढई स्वच्छ होत होती.

त्या दिवसापासून मी नियम केला. ताटातलं माझं, बाकी काही माझं नाही. ओट्यावर एक स्टीलचं पातेलं ठेवलं आणि उरलेलं सगळं त्यात टाकायला लागले. आमच्या गल्लीत एक पांढरी गाय येते, तिचा मालक कोण ते कोणाला माहीत नाही, पण तिची वेळ घड्याळासारखी. पहिल्या दिवशी पातेलं घेऊन खाली निघाले तर नवरा दारात.

"हे काहून गाईले देऊन राहिली? चांगलं तर आहे."

"मग तुम्ही खा."

"माझं पोट भरलं ना," तो म्हणाला, अगदी सरळपणे. त्याचं पोट भरलं की भरतं. माझ्या पोटात मात्र तीन माणसांच्या उष्ट्याची जागा कायम राखीव आहे, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि त्यात सगळ्यांत पुढं मी होते.

गोड सोडणं सोपं गेलं. चहातली साखर तर आठवतही नाही. पण कढई धुण्याआधी तिच्यात तसंच पाणी ओतायचं, आणि तो मसाला पाण्यात सुटताना बघायचा, हे मला महिनाभर जमलं नाही. नळ सोडून मी दुसरीकडे बघायची. हसायला येईल, पण आपण कोणाचा तरी अपमान करतो आहोत असं वाटायचं. मुलाला म्हटलं, चार अंड्यांत भागव नाहीतर बलकासकट खा. त्याचा चेहरा मी त्याला उपाशी मारते आहे असा झाला. मग खायला लागला. दंड अजून जागेवर आहेत.

हळूहळू एक बदल मला दिसला आणि मी त्याच्यावर खूष होते. पातेल्यात पडणारं उरलेलं कमी व्हायला लागलं. आधी पातेलं भरायचं, मग अर्धं, मग तळाशी थोडंसं. दुपारची भाकर तर कधी उरतच नव्हती. मला वाटलं, आता मला बरोबर अंदाज यायला लागला. ऑफिसात सांगितलंसुद्धा, मोजून स्वयंपाक कसा करायचा त्याच्यावर एक छोटं भाषण दिलं. गाय येऊन गेटपाशी थांबायची, पातेल्यात तोंड घालायची आणि मान वर करून माझ्याकडे बघायची. मी तिलाही म्हटलं, तूपण जरा डाएट कर.

मागच्या रविवारी दुपारी जेवणं झाली. नवरा दिवाणावर पेपर घेऊन आडवा झाला, मुलगा सोफ्यावर कानात इअरफोन घालून. मी गच्चीवर वाळत टाकलेले कपडे आणायला गेले. ऊन फार होतं म्हणून अर्धेच घेऊन लवकर खाली आले. किचनमध्ये मुलगी ओट्याशी उभी होती. पाठमोरी. एका हातात कढई तिरकी धरलेली, दुसऱ्या हातानं कुकरमधला भात तिच्यात फिरवत होती. बाजूला भावानं मोडून ठेवलेली अर्धी भाकर, एक घास तोडलेली.

तिची मान किंचित उजवीकडे झुकली होती. आईची तशीच झुकायची.

"काय करून राहिली गं?"

"खतम कर रही हूँ," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "थोड़ा सा ही था."

"तू जेवली नाही का पोटभर?"

"खाई ना. पर आप तो अब खाते नहीं हो." तिनं कढईच्या कडेवरचा मसाला बोटानं ओढला. "फेंकेंगे थोड़ी."

"कधीपासून?"

तिनं खांदे उडवले. "जब से आपने बंद किया."

कपडे माझ्या हातातच होते. ते मी कुठं ठेवले मला आठवत नाही. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम, आणि त्यांतलं काही तिच्यावर नव्हतं. पण तिला वाटलं तिच्यावरच. "गुस्सा क्यों हो रहे हो? मैंने तो हेल्प किया," ती म्हणाली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. मी एक जागा रिकामी केली होती आणि ती तिथं जाऊन उभी राहिली होती, इतकंच. माझा अंदाज नव्हता सुधारला. गाईनं जे ओळखलं ते मला ओळखता आलं नव्हतं.

मी तिच्या हातातली कढई घेतली. बाहेर आले. सोफ्यासमोरच्या टीपॉयवर मुलापुढं ठेवली. नवऱ्यानं पेपर खाली घेतला.

"पूस," मी मुलाला म्हटलं. "भात तुझा होता, भाजी तुझ्या बाबांची. कढई पुसून टाक."

त्यानं एका कानातला इअरफोन काढला. कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे. उद्धटपणा नव्हता त्यात काही. त्याला खरंच समजलं नव्हतं.

"मैं?" तो म्हणाला. "मैं क्यों?"

माझी आई गेली तोवर तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मीही नाही. इतका साधा प्रश्न, आणि त्यानं तो विचार न करता, एक कान रिकामा करून विचारला होता.

मागं वळून बघितलं. मुलगी किचनच्या दारात उभी होती, हाताला भात तसाच.

"ऐकलं?" मी तिला म्हटलं. "असं विचारायचं असते."